संगीत चालू असताना

ओल्डेनबुर्ग,
गुरुवार, ५ जून

प्रिय विब्के,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद काढला. इथे सगळं ठीक आहे. तिकडेही असेल असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

हवा बदलली की माझा खुबा कुरकुरतो, तेवढं सोडलं तर तब्येत चांगली. खालच्या मजल्यावरच्या यान्सेन म्हाताऱ्याने पुन्हा कुत्रा आणलाय, आधीच्यापेक्षा बिनडोक. पांढऱ्या शतावरीचा हंगाम संपत आला. बाजारात आता मिळते ती चावायला सुतळीसारखी, तरी कालच अर्धा किलो आणली आणि भरपूर लोण्यात बुडवून एकटीने खाल्ली.

रविवारच्या स्पर्धेबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण तू आंकेला म्हणालीस की गेझिनने माझं वाटोळं केलं. आंकेच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणजे माझ्या कानावर जावं म्हणूनच म्हणालीस. गेलं कानावर. वाटोळं? मी सहा शब्द बोलले.

माझं काम कसं चालतं ते तुला सांगायला नको, पण रागाच्या भरात विसरली असशील. संगीताच्या तालावर घोडा चालवायची फेरी सुरू झाली की मी गप्प बसते. एकोणीस वर्षं गप्प बसत आलेय. टीव्हीवरचे बाकीचे निवेदक व्हायोलिनच्या डोक्यावर बसून बडबडत राहतात, घोड्याची आजी कोण, बाईचा कोट कुठल्या निळ्याचा, आणि मग सोमवारी प्रेक्षकांची पत्रं येतात की त्या गृहस्थाला कृपा करून झोपेची गोळी द्या. माझ्याबद्दल असं पत्र अजून आलेलं नाही. घोडा मोकळ्या लगामाने चालायला लागला, वाद्यं खाली आली, की मी दोन वाक्यं बोलते आणि पुन्हा तोंडाला कुलूप. म्हणून तर लोक म्हणतात, गेझिन मध्येच बोलली म्हणजे नक्की काहीतरी झालंय.

झालंच होतं. तू पिआफला आलीस, जागच्या जागी दुडकी सुरू झाली, आणि तुतारी वाजून गेल्यावर लोट्सेचा पाय जमिनीला लागत होता. एकदा नव्हे, प्रत्येक पावलाला. या चालीत लोट्सेच्या तोडीचा घोडा देशात नाही, हे गेली तीन वर्षं मीच सांगतेय. म्हणूनच डोळ्यांना खुपलं आणि मी म्हटलं, "ताल सुटला. घोडा तिच्या हातात नाही." दिसलं ते बोलले. पगार त्याचाच मिळतो.

पंचांनी संगीताला उत्तम गुण दिले, असंही तू म्हणालीस म्हणे. पंच खोक्याएवढ्या खोपटात काचेआड बसतात, त्यांना काय ऐकू येतं ते त्यांनाच माहीत. चौथी आलीस. चौथी येणं काही वाईट नाही.

क्र्यूसमानबाई घरी टीव्हीसमोर असणार हे मला ठाऊक होतं. पाय मोडल्यापासून त्या बाहेर पडतात कुठे? चाळीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवलेली बाई. टक्के, गुण, पंच यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, ताल तेवढा कळतो. आपल्याला पियानो शिकवताना बोटांवर पट्टी मारायच्या, तशीच रविवारी त्यांनी टीव्हीसमोर सोफ्याच्या हातावर मारली असणार. तू म्हणशील लोट्से काढून घेऊन त्यांनी अन्याय केला. घोडा त्यांचा आहे, विब्के. तू फक्त वर बसतेस. त्याच्यावर कोणी बसायचं ते मालक ठरवतो, आणि हा नियम तुझ्याआधी माझ्यासाठीही होता.

लोट्सेवर आता तो डच माणूस, रूलोफ, बसणार असं ऐकलं. हात हलका आहे त्याचा. उगाच त्याला शिव्या घालत बसू नकोस.

लोट्सेला माझ्यातर्फे एक गाजर दे.

तुझी थोरली,
गेझिन

---

ओल्डेनबुर्ग,
शनिवार, १४ जून

प्रिय विब्के,

तुझं पत्र मिळालं. चार पानं, तीही दोन्ही बाजूंनी. शाळेत निबंध लिहायला बसलीस की दीड पानावर पेन चावत बसायचीस, मग मीच पुढचं लिहून द्यायचे. घोडा जायची वेळ आली की लेखणी बरी चालते.

मी ठीक आहे. यान्सेनच्या कुत्र्याने माझी चप्पल खाल्ली. एकच खाल्ली, हा त्याचा आणखी गाढवपणा.

आता तुझ्या पत्राकडे येते. मैदानात बसलेल्या कुणीतरी मोबाइलवर तुझी फेरी टिपली आहे आणि त्यात प्रत्येक पाऊल तालावर पडतंय, असं तू लिहितेस. म्हणजे चूक तुझी नाही, लोट्सेची नाही, आमच्या प्रक्षेपणाची. असं होऊ शकतं, मी नाकारत नाही. आम्ही कोलोनला एका खोलीत बसून बोलतो, घोडा असतो चारशे किलोमीटरवर. चित्र एका वाटेने येतं आणि संगीत दुसऱ्या, जवळच्या वाटेने. संगीत आधी येऊन पोचतं, म्हणून आमचा ध्वनीवाला तामो ते चित्र येईपर्यंत किंचित रोखून धरतो. रोखायला विसरला तर संगीत पुढे पळतं, आणि घरी बसलेल्या माणसाला घोडा मागे पडलेला दिसतो. खरं आहे. पण तसं झालं असतं तर तामो माझ्या कानात बोलला नसता का? तो हेडफोनमधून अखंड बोलत असतो. त्याच्या बायकोचे डोहाळेसुद्धा मला तोंडपाठ आहेत.

तू तो मोबाइल घेऊन क्र्यूसमानबाईंकडे गेलीस आणि त्या म्हणाल्या, "त्या डबड्यात मला चिमण्या ओरडल्यासारखं ऐकू येतं, बाजूला ठेव." हे वाचून मला हसू आलं. मग त्या म्हणाल्या, "सख्खी बहीण खोटं कशाला बोलेल?" इथे तू खाली दोन रेघा ओढल्या आहेस. कशासाठी? मला लाजवायला की पटवायला?

रूलोफ घोडा नुसता चालवायला नेत नाहीये, विकत घेतोय, हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. शनिवारी एकवीसला दुपारी दोन वाजता गाडी येणार, आणि लोट्से गाडीत चढला की बाई कागदावर सही करणार. एकदा सही झाली की तो तुझा कधीच नाही, खुद्द बाईंचाही नाही. इतकं सगळं नीट, तारीख-वेळेसकट लिहून शेवटी तू लिहितेस, "गेझिन, बाईंना एक फोन कर. तुझ्या एका शब्दावर माझा घोडा आहे."

खरं सांगते, हे वाचून मला बरं वाटलं. चांगलं नाही हे, पण वाटलं. एका शब्दावर घोडा जातो, हे कळायला तुला एकोणपन्नास वर्षं लागली.

वाल्डो आठवतो ना? मी घोड्यावरून पडून खुबा मोडला, इस्पितळात होते आणि तू त्याच्या मालकाला, डॉक्टर आयलर्सला, म्हणालीस की गेझिन उठेपर्यंत तीन आठवडे घोडा मी सांभाळते. ते तीन आठवडे अकरा वर्षं चालले. तू त्याच्यावर बसून दोन पदकं आणलीस, ती बाबांनी जेवणघरात लावली, माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर. मी काही बोलले? बावीस वर्षांत एकदा तरी बोलले? तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला केक घेऊन आले. तू मेणबत्त्या विझवायचीस आणि मी टाळ्या वाजवायचे. त्यानंतर मी घोड्यावर बसले नाही, घोड्यांबद्दल बोलायला लागले, आणि लोक म्हणाले काय छान आवाज आहे. जाऊ दे. जुनं उकरायला मी हे पत्र लिहीत नाही.

ऐक. फोनवर अशा गोष्टी होत नाहीत. बाईंना माणूस समोर लागतो. पुढच्या गुरुवारी मी स्वतः त्यांच्याकडे जाते, चहा घेते, आणि बोलते. तोवर तू तिकडे फिरकू नकोस. रडक्या तोंडाची माणसं त्यांना सहन होत नाहीत. तू माझ्यावर सोपव.

शब्द देते.

गेझिन

---

ओल्डेनबुर्ग,
शुक्रवार, २० जून

विब्के,

काल बाईंकडे जाऊन आले.

त्या खिडकीशी बसल्या होत्या, पाय स्टुलावर. चहा त्यांनीच केला, मला हात लावू दिला नाही. कपात खडीसाखर टाकली, वरून चहा ओतला, ती तडकली, मग त्यांनी कडेने साय सोडली आणि म्हणाल्या, "ढवळू नकोस." जशी काही मी जर्मनीच्या दुसऱ्या टोकाहून आलेय आणि आपल्याकडे चहा ढवळत नाहीत हे मला माहीतच नाही. पहिला कप संपेपर्यंत घोड्याचा विषय नाही. नवे पाद्री कसे गातात, कबरस्तानातली झाडं कोणी छाटली, एवढंच चाललं होतं.

दुसऱ्या कपाला म्हणाल्या, "तू आलीस ते बरं झालं पोरी. माझ्या जिवाला चैन नाही. घोडा माझ्या अंगणात जन्मला. विब्के माझ्या हाताखाली वाढली. त्या दोघांची ताटातूट मी करायची, हे मला पापासारखं वाटतंय."

"तुमचा घोडा आहे, बाई."

"ते मला माहीत आहे, तू शिकवू नकोस. मला एवढंच सांग. विब्के म्हणते टीव्हीवर संगीत पुढे पळालं होतं. माझे कान एक्याऐंशी वर्षांचे झाले, मी आता त्यांचं ऐकत नाही. तुझं ऐकते. पळालं होतं का? तू हो म्हण, मी इथल्या इथे त्या डच माणसाला सांगते की गाडी आणू नकोस."

फोन त्यांच्या मांडीवर होता. आधीच काढून ठेवला होता बिचाऱ्यांनी. तुझ्या बाजूने निकाल लावायचा हे त्यांनी ठरवलंच होतं, विब्के, त्यांना फक्त माझा "हो" हवा होता.

मी म्हटलं, "बाई, तुमचे कान अजून अगदी शाबूत आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरून आले. आधी मला वाटलं, बऱ्याच दिवसांत कुणी कानांचं कौतुक केलं नसेल, त्याचा आनंद. मग त्या म्हणाल्या, "बिचारी पोर." आणि फोन टेबलावर ठेवला. मी तिसरा कपही घेतला. तिसऱ्यानंतर चमचा कपात ठेवला, म्हणजे बाईंनी आणखी ओतू नये. दारात त्यांनी माझ्या गालावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुलाही सोपं गेलं नसेल."

आता जे दोन पत्रांत लिहिलं नाही ते लिहिते.

तामोने सांगितलं होतं. तुझी फेरी सुरू होऊन एक मिनिटही झालं नव्हतं. माझ्या कानात म्हणाला, "गेझिन, संगीत अर्ध्या मात्रेने पुढे आहे, चूक माझी. आता मध्येच ओढलं तर आवाज तुटेल, ही फेरी अशीच जाऊ देतो. तू काही बोलू नकोस म्हणजे झालं." आणि हसून म्हणाला, "तू तशीही बोलत नाहीस."

मग पिआफ आला. मी डोळे पडद्यावर ठेवले आणि मनातल्या मनात संगीत अर्धी मात्रा मागे धरलं. एकोणीस वर्षांत एवढं येतं. पाऊल आणि तुतारी एकावर एक बसले, मध्ये केसाइतकी फट नव्हती. तुझे हात हलत नव्हते. लोट्सेचे कान तुझ्याकडे लागलेले. मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही, आणि मी वाल्डोवर बसलेली बाई आहे. मग मी माइकचं बटण दाबलं आणि ते सहा शब्द बोलले.

आवाज अजिबात कापला नाही. मी नंतर ऐकून बघितलं.

फेरी संपल्यावर तामोने विचारलं, "हे काय केलंस तू?" मी म्हटलं, सवयीने पडद्याकडे बघत होते, तुझं बोलणं विसरले. त्याला पटलं नाही. पण तोही कुठे बोलणार नाही. मूळ चूक त्याची, आणि घरात बाळ येऊ घातलंय.

तू विचारशील का. वाल्डोसाठी, असं म्हणून तू मोकळी होशील. तसं सोपं नाही ते. घोडे येतात आणि जातात, मालकांची मर्जी फिरते, ते मी पचवलं असतं. पण डॉक्टर आयलर्स मला भेटायला इस्पितळात आला होता, फुलं घेऊन. भला माणूस, खोटं बोलता येत नव्हतं त्याला. म्हणाला, विब्के मला म्हणाली की गेझिनला आता भीती वाटते, म्हणून मी घोडा तिच्याकडेच ठेवतोय, तुझ्याच भल्यासाठी. मी थँक्यू म्हटलं. फुलं नर्सला देऊन टाकली.

आणि मला भीती वाटतच होती. पडायच्या कितीतरी आधीपासून. खोगिरावर चढायच्या आधी मी तबेल्यामागे जाऊन ओकायचे. जगात हे एका माणसाला माहीत होतं, कारण ती बादली तू धुवायचीस. एकही प्रश्न न विचारता धुवायचीस, आणि मी म्हणायचे किती गुणी आहे माझी धाकटी.

तू खोटं बोलली असतीस तर मी तुला केव्हाच माफ केलं असतं. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं, लोकांसमोर त्याला उघडं पाडता येतं. तू खरं बोललीस. मग मी बावीस वर्षं काय करायचं होतं? केक आणायचे, तेवढंच माझ्या हातात होतं. प्रत्येक वर्षी मेणबत्त्या विझल्या की मी तुझ्याकडे बघायचे आणि वाट बघायचे की ही आज तरी म्हणेल, गेझिन, मी तेव्हा तसं म्हणायला नको होतं. तुला वाटत होतं मला काही माहीत नाही. तू केक कापायचीस आणि मला मोठा तुकडा द्यायचीस.

त्या रविवारी मी ते बटण दाबलं तेव्हा मला भीती वाटली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. हे सांगायला मला लाज वाटली पाहिजे. वाटत नाही.

हे सगळं मी पोटात ठेवू शकले असते. तामो गप्प, बाई समाधानी, तू म्हणाली असतीस की गेझिनची नजर चुकली, म्हातारी व्हायला लागली. एखाद्या नाताळाला मला माफही केलं असतंस. तेच मला नकोय. चूक म्हणून तू हे विसरून जाशील. मी जाणूनबुजून केलं, डोळे उघडे ठेवून, ताल बरोबर आहे हे माहीत असताना केलं. हे तुला कळायला हवं. लोट्से आठवेल तेव्हा तेव्हा कळायला हवं.

आता वेळेचं सांगते. आमच्या कोपऱ्यावरची टपालपेटी पाच वाजता उघडतात. त्याआधी पत्र पडलं तर उद्या अकराला तुझा पोस्टमन ते तुझ्या हातात देईल. गाडी दोनला येणार. बाईंचं घर तुझ्यापासून पाऊण तासावर. हे पत्र तू त्यांच्यासमोर नुसतं धरलंस तरी त्या गाडी परत पाठवतील, आणि माझी नोकरी जाईल, ते वेगळं. तीन तास तुला पुरेसे होते.

दुपारी चारलाच हे लिहून झालं होतं. पाकीट चिकटवलं, पत्ता घातला, कोट घातला आणि खिडकीशी उभी राहिले. पाचला दोन मिनिटं असताना टपालाची पिवळी गाडी आली. माणूस उतरला, पिशवी भरली, यान्सेनच्या कुत्र्याला हाड म्हणाला आणि गेला. मग मी पाकीट फोडलं, एवढं खाली वाढवलं, आणि आता दुसऱ्या पाकिटात घालून टाकायला निघाले आहे.

तुला सोमवारी मिळेल.

खाली पूर्ण नावाने सही करते, म्हणजे हे कुणाला दाखवायचं असेल तर दाखवता येईल.

गेझिन मारी ओल्टमान्स